वाचक विचारतात : भूतपातली पोकळी आणि तो काळा फोटो

गेल्या अंकात दीर्घिकांच्या, म्हणजे गॅलॅक्सींच्या, महासमूहांबद्दल लिहिताना ओघात मी एक वाक्य लिहून गेले होते, की विश्वाचं बहुतेक आकारमान पोकळ्यांनीच, म्हणजे जिथे दीर्घिका जवळपास नाहीतच अशा प्रदेशांनीच, व्यापलेलं आहे. त्या एका वाक्यावर जितकी पत्रं आली तितकी बाकीच्या सगळ्या लेखावर आली नाहीत. म्हणून या महिन्याचं सदर पोकळ्यांना दिलंय. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरतोय. ताऱ्यांच्या गर्दीत मधोमध काळाकुट्ट डाग आणि खाली मजकूर : 'बूटीस व्हॉइड, विश्वातली सर्वांत भयानक जागा, इथे काहीही नाही.' हे खरं आहे का? (एक वाचक, मिरज. ठाणे आणि बेळगावहूनही हाच प्रश्न.)

फोटो खरा आहे, खालचा मजकूर चुकीचा आहे. तो डाग म्हणजे बर्नार्ड ६८ नावाचा वायू आणि धुळीचा ढग. भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, आपल्यापासून चार-पाचशे प्रकाशवर्षांवर, म्हणजे आपल्याच आकाशगंगेत आणि तसा शेजारीच. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला अशा काळ्या ढगांची यादी केली, तिच्यातला हा ६८वा. फोटो चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने काढलेला आहे. ढगातली धूळ मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवते, म्हणून तिथे काळं दिसतं. तोच भाग अवरक्त प्रकाशात टिपला की मागचे तारे ढगातून आरपार दिसू लागतात. ज्या जागेला लोक 'काहीही नाही' म्हणून पुढे पाठवतायत, तिथे खरं तर आजूबाजूपेक्षा जास्त द्रव्य आहे. पुढेमागे हा ढग स्वतःच्याच गुरुत्वाने आकसून त्यातून तारा जन्माला येण्याची शक्यता आहे.

ढगाची रुंदी अर्धं प्रकाशवर्ष. बूटीस व्हॉइड, म्हणजे आपल्या भूतप तारकासमूहाच्या दिशेची महापोकळी, सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षं रुंद. एक दुसऱ्याच्या साठ-पासष्ट कोटी पट! या फोटोचा मला मनापासून त्रास होतो, कारण खऱ्या पोकळीचा फोटो काढताच येत नाही. आणि तो का काढता येत नाही, हीच या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

मे महिन्यात रात्री दहा-अकराला उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. सप्तर्षींच्या शेपटीतला शेवटचा तारा मरीची. शेपटीची कमान तशीच पुढे नेली की नारिंगी स्वाती लागतो, आणि स्वातीपासून उत्तरेकडे भूतप पसरलेला असतो. आता हात ताठ करून मूठ धरा. मरीचीच्या पूर्वेला, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला, साधारण एका मुठीवर पोकळीचा मध्य येतो. ७० कोटी प्रकाशवर्षांवरची ३३ कोटी प्रकाशवर्षं रुंद जागा आकाशात किती मोठी दिसेल याचा हिशेब केला तर सुमारे २७ अंश येतात. जवळजवळ तीन मुठी. पौर्णिमेचे पन्नासहून जास्त चंद्र एका ओळीत मावतील एवढी.

आणि तिथे दिसतं काय? तारे. सगळे आपल्या आकाशगंगेतले, पोकळीच्या कितीतरी अलीकडचे. मोठी दुर्बीण लावली तर दीर्घिकाही दिसतात, भरपूर दिसतात, काही पोकळीच्या अलीकडच्या, बाकीच्या पलीकडच्या. त्या दिशेला काळा डाग कुठेच नाही.

प्रश्न : दिसतच नाही तर सापडली कशी? आणि 'तिथे नाही' हे सिद्ध कसं करतात? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, प्रत्येक दीर्घिकेचं अंतर मोजून. रात्री गच्चीवरून लांब पाहिलं तर गल्लीतला दिवा, हायवेवरचा दिवा आणि टेकडीपलीकडच्या वाडीतला दिवा एकाच रेषेत दिसतात. मध्ये दोन मैल काळोखी शेतं आहेत हे कळायला प्रत्येक दिवा किती लांब आहे ते माहीत हवं. आकाशाचे फोटो आपल्याकडे शंभरहून जास्त वर्षं आहेत. दीर्घिकांची अंतरं मात्र १९७०च्या दशकापर्यंत फारच थोड्यांची मोजली गेली होती, म्हणून पोकळ्या इतक्या उशिरा सापडल्या.

अंतर मोजायचं ते ताम्रसृतीवरून, म्हणजे रेडशिफ्टवरून. दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटात पसरवला की त्यात काळ्या रेघा दिसतात. कॅल्शियमच्या दोन ठळक रेघा जांभळ्या टोकाला, ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरच्या आसपास असतात. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे दूरच्या दीर्घिकेत या रेघा लाल टोकाकडे सरकलेल्या मिळतात. जोडी जर ४१३ आणि ४१७ला मिळाली, तर सरकणं झालं ५ टक्के, आणि वेग प्रकाशाच्या वेगाच्या ५ टक्के, म्हणजे सेकंदाला १५,००० किलोमीटर. आता दर १० लाख प्रकाशवर्षांमागे हा वेग साधारण २१-२२ किलोमीटरने वाढतो. भागाकार करा : अंतर ७० कोटी प्रकाशवर्षं. दहावीच्या मुलाला जमेल असं गणित आहे. अवघड होतं ते त्या मंद प्रकाशाचा वर्णपट मिळवणं, तेही एका वेळी एकाच दीर्घिकेचा.

रॉबर्ट किर्शनर, ऑगस्टस ओम्लर, पॉल शेक्टर आणि स्टीफन शेक्टमन हे चौघं अशी मोजणी करत होते. त्यांना पोकळी शोधायचीच नव्हती. विश्वात सरासरी किती दीर्घिका आहेत हे काढायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी आकाशातले एकमेकांपासून सुमारे ३५ अंश लांब असलेले तीन छोटे तुकडे निवडले होते. एकूण १३३ दीर्घिका. वेगांचा आलेख मांडला तर तिन्ही तुकड्यांत एकाच जागी खिंडार पडलेलं. सेकंदाला १२,००० ते १८,००० किलोमीटर या टप्प्यात जवळपास कोणी नाही, त्याच्या अलीकडे आहेत, पलीकडेही आहेत. एका तुकड्यात असं झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. इतक्या लांबच्या तीन तुकड्यांत एकच खिंडार म्हटल्यावर मधला सगळा प्रदेश रिकामा असणार, असा निष्कर्ष त्यांनी १९८१ साली मांडला.

अर्थात शंका घेतल्या गेल्या, घ्यायलाच हव्या होत्या, कारण मधला प्रदेश त्यांनी पाहिलाच नव्हता. मग त्यांनी तो पाहिला. त्या सगळ्या भागात शेकडो बारीक चौकोन आखून, प्रत्येकातल्या दीर्घिकांची ताम्रसृती मोजून १९८७ साली दुसरा शोधनिबंध दिला. पोकळी खरी निघाली. 'नाही' हे सिद्ध करायचं तर इतकं काम करावं लागतं.

पहिला मान मात्र मी भूतपाला देणार नाही. इंग्रजी वाचणाऱ्या जगात तो गाजला, पण १९७७च्या सप्टेंबरमध्ये टॅलिन इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत यान आइनास्टो आणि मिहकेल योएवेर या एस्टोनियन खगोलशास्त्रज्ञांनी ययाती तारकासमूहाकडच्या दीर्घिकांचे नकाशे दाखवून सांगितलं होतं की दीर्घिका साखळ्यांमध्ये आणि भिंतींमध्ये बसलेल्या आहेत आणि मधले कप्पे रिकामे आहेत. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. त्याच सुमाराला अमेरिकेत स्टीफन ग्रेगरी आणि लेअर्ड थॉम्प्सन यांनी अरुंधती केशातल्या दीर्घिकासमूहाच्या भोवतालचा नकाशा काढून १९७८ साली छापला, त्यातही पोकळ्या स्पष्ट आहेत. हे श्रेय या दोन गटांचं आहे आणि ते त्यांना मिळायला हवं.

प्रश्न : पोकळीत खरंच काहीच नसतं? (गृहिणी, डोंबिवली)

असतं, ताई. भूतपाच्या पोकळीत १९८७पर्यंत ८ दीर्घिका सापडल्या होत्या, दहा वर्षांत तो आकडा ६०च्या घरात गेला. एवढ्या आकारमानात एरवी सुमारे २००० मोठ्या दीर्घिका असायला हव्यात असा ढोबळ अंदाज आहे. सापडलेल्यांपैकी बऱ्याच एका नळीसारख्या पट्ट्यात आहेत. त्यावरून असं वाटतं, की मुळात इथे दोन-तीन लहान पोकळ्या होत्या, त्या एकमेकींत मिळाल्या आणि मधल्या भिंतीचे अवशेष तेवढे उरले.

सगळं द्रव्य धरलं तर पोकळीच्या आतली घनता विश्वाच्या सरासरीच्या १० ते २० टक्के भरते. ही सरासरीसुद्धा किती विरळ असते ते पाहा. सगळ्या विश्वातलं साधं द्रव्य, तारे आणि वायू धरून, एकसारखं पसरवलं तर ४ घनमीटर जागेत हायड्रोजनचा एक अणू येईल. पोकळीत त्याच एका अणूसाठी २० ते ४० घनमीटर जागा लागेल, म्हणजे साधारण एका खोलीत एक अणू. आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका घनमीटरमधल्या रेणूंची संख्या लिहायची तर २५वर २४ शून्यं द्यावी लागतात. शिवाय पोकळीत कृष्णद्रव्य (दिसत नाही, पण ज्याचं गुरुत्व जाणवतं असं द्रव्य) आहे, प्रकाश आहे, न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण आहेत.

तिथल्या दीर्घिकांबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. गर्दीतल्या दीर्घिका एकमेकींना ओरबाडतात, वायू हिसकावून घेतात, धडकतात. पोकळीतल्या दीर्घिकेच्या वाटेला कोणी जात नाही. त्यामुळे तिच्याकडे वायू भरपूर शिल्लक असतो, तिच्यात अजून नवे तारे जन्मत असतात आणि तरुण ताऱ्यांमुळे ती निळसर दिसते. आपल्या शेजारच्या पोकळीत केके २४६ नावाची एक बटू दीर्घिका आहे. तिच्यातले तारे छोट्याशा जागेत आहेत, पण रेडिओ दुर्बिणीने पाहिलं तर हायड्रोजनची तबकडी ताऱ्यांच्या कितीतरी पलीकडे पसरलेली दिसते. २०२३ साली स्पेनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने नेचर या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की पोकळीतल्या दीर्घिकांनी आपले तारे सरासरीने सावकाश घडवले आहेत.

एक कोडं मात्र सुटलेलं नाही. जेम्स पीबल्स यांनी २००१ साली त्यावर बोट ठेवलं : कृष्णद्रव्याच्या गणितानुसार पोकळ्यांमध्ये बारक्या दीर्घिका बऱ्याच सापडायला हव्यात, त्या मानाने त्या फार कमी आहेत. कृष्णद्रव्याच्या छोट्या गोळ्यांमध्ये तारे पेटलेच नसावेत, हे उत्तर दिलं जातं आणि मला ते पटण्याजोगं वाटतं, पण त्यासाठी न पेटलेले गोळे मोजता यायला हवेत.

प्रश्न : एवढी जागा रिकामी कशी झाली? काही स्फोट झाला होता का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड)

स्फोटाची कल्पना तुलाच सुचलेली नाही. १९८१ साली जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि लेनॉक्स कॉवी यांनी ती गंभीरपणे मांडली होती : पहिल्या दीर्घिकांमधल्या ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू बाहेर ढकलला आणि कडांवर नव्या दीर्घिका जन्मल्या. पण दहा-वीस कोटी प्रकाशवर्षांचा प्रदेश साफ करायला लागणारी ऊर्जा स्फोटांत नाही, आणि एवढे स्फोट झाले असते तर विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेल्या सूक्ष्मतरंगांच्या पार्श्वभूमीत त्यांच्या खुणा उरल्या असत्या. तशा खुणा मिळाल्या नाहीत.

तू अभियांत्रिकीचा आहेस, तर आधी एक गणित कर. दीर्घिका आपल्या भोवतालच्या मानाने सेकंदाला काहीशे किलोमीटर वेगाने सरकतात. ३०० धर. तो प्रकाशाच्या वेगाचा हजारावा भाग. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. म्हणजे सुरुवातीपासून सतत चालत राहिलेली दीर्घिका आजपर्यंत १ कोटी ३८ लाख प्रकाशवर्षं सरकली असेल. भूतपाच्या पोकळीच्या मध्यापासून कड आहे साडेसोळा कोटी प्रकाशवर्षांवर. तेव्हा आतल्या दीर्घिका उठून बाहेर गेल्या, हे चित्र बरोबर असूच शकत नाही. लोकांच्या मनात नेमकं हेच चित्र असतं म्हणून हे गणित मी मुद्दाम दिलं.

झालं ते असं. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना त्यातला वायू जवळपास एकसारखा होता. फरक होता तो लाखात एक भागाइतका. १९९२ साली कोबी उपग्रहाने तो पहिल्यांदा टिपला. जिथे द्रव्य किंचित जास्त होतं तिथे गुरुत्वही किंचित जास्त, म्हणून तिथे आणखी द्रव्य ओढलं गेलं. जिथे किंचित कमी होतं त्या जागेवर प्रसरणाला लगाम कमी, म्हणून ती जागा इतरांपेक्षा जास्त वेगाने ताणली गेली आणि आणखी विरळ झाली. विरळ वायूतून मोठ्या दीर्घिका फारशा घडल्याच नाहीत. म्हणजे आतला भाग रिकामा झाला त्यापेक्षा तो भरलाच नाही, हे जास्त खरं आहे. कडेला मात्र शेजारच्या पोकळ्यांचं द्रव्य एकमेकांवर येऊन साचलं आणि भिंती झाल्या, भिंती जिथे मिळतात तिथे धागे, आणि धागे जिथे मिळतात तिथे दीर्घिकासमूह.

इथे एक सुरेख गोष्ट आहे. द्रव्याचा गोळा आकसताना त्याचा वेडावाकडेपणा वाढत जातो : जी बाजू आखूड ती आधी मिटते, म्हणून गोळ्याची चकती होते. याकोव झेल्दोविच यांनी १९७० साली हे दाखवलं. पोकळीत उलट घडतं. व्हिन्सेंट इके यांनी १९८४ साली दाखवलं की पसरणारी विरळ जागा पसरता पसरता गोल होत जाते. अर्थात शेजारणी जागा देतील तितपतच. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत वरुण साहनी आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी सर्गेई शांदारिन यांच्याबरोबर १९९४ साली पोकळ्यांच्या वाढीवर जे काम केलं त्यात हेच आहे : मोठ्या पोकळ्या वाढत जातात, त्यांच्यात सापडलेल्या लहान पोकळ्या चेपल्या जातात, काही नाहीशाही होतात. पोकळ्यांमध्येही अशी चढाओढ चालते हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कित्येक दिवस डोक्यातून गेलं नव्हतं.

प्रश्न : पुण्यात सापडलेल्या 'सरस्वती'चा आणि पोकळ्यांचा काही संबंध आहे का? (एक वाचक, पुणे)

थेट संबंध आहे, आणि बातम्यांमध्ये तो भाग गळला होता. २०१७ साली जॉयदीप बागची, शिशिर सांख्यायन आणि सहकाऱ्यांनी (आयुका, पुण्याचीच आयसर आणि इतर दोन संस्था) मीन तारकासमूहाच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर सरस्वती हा महासमूह शोधला. रुंदी ६० कोटी प्रकाशवर्षांहून जास्त, किमान ४३ दीर्घिकासमूह, वस्तुमान २ कोटी अब्ज सूर्यांएवढं. हे सगळं छापून आलं. पण मूळ शोधनिबंधात असंही आहे की या भिंतीभोवती १३ ते ५५ कोटी प्रकाशवर्षं व्यासाच्या पोकळ्यांचं जाळं आहे. त्यातल्या मोठ्या पोकळ्या भूतपाच्या पोकळीहूनही रुंद आहेत. महासमूह आणि पोकळी एकाच घडामोडीतून येतात. एवढी मोठी भिंत उभी राहायची तर शेजारचा प्रदेश तितकाच विरळ असणार.

ज्या माहितीतून सरस्वती सापडली ती स्लोन या आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणाची आहे, न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट इथल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीची. ती माहिती गोळा कशी केली ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आकाशाच्या प्रत्येक तुकड्यासाठी एक अ‍ॅल्युमिनियमची गोल तबकडी, साधारण ८० सेंटिमीटर व्यासाची. तिच्यात ६४० भोकं, प्रत्येक भोक नेमकं एका दीर्घिकेच्या किंवा ताऱ्याच्या जागी. दिवसा तंत्रज्ञ त्या तबकडीत एकेका भोकात हाताने प्रकाशतंतू खोचायचे, रात्री ती तबकडी दुर्बिणीला लागायची आणि ६४० वर्णपट एकदम मिळायचे. पुढच्या तुकड्यासाठी पुढची तबकडी, पुन्हा ६४० तंतू. अशा हजारो तबकड्या झाल्या. आज अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर डेसी उपकरणात ५००० तंतू आहेत आणि यंत्रमानव ते आपोआप जागेवर नेतात. काम अनेक पटींनी वेगाने होतं, पण आपण आज जे नकाशे पाहतो त्यांतले लाखो ठिपके त्या हातांनी खोचलेल्या तंतूंमधून आले आहेत.

प्रश्न : आपण स्वतः पोकळीत आहोत का? (एक वाचक, फोंडा)

काठावर आहोत. ब्रेंट टली आणि रिचर्ड फिशर यांनी १९८७ साली दाखवलं की आपल्या आकाशगंगेच्या एका बाजूला, साधारण शौरी आणि गरुड तारकासमूहांच्या दिशेला, मोठी पोकळी सुरू होते. तिला स्थानिक पोकळी म्हणतात. तिचा बराच भाग आकाशगंगेच्या धुळीच्या पट्ट्यामागे असल्यामुळे नकाशा पुरा व्हायला वेळ लागला. व्यास किमान १५ कोटी प्रकाशवर्षं.

आपण तिच्यापासून सेकंदाला सुमारे २६० किलोमीटर वेगाने लांब जातोय, तासाला नऊ लाख किलोमीटरहून जास्त. सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या संदर्भात आपल्या दीर्घिकांच्या गटाचा वेग सेकंदाला ६३० किलोमीटरच्या आसपास भरतो. त्यातला हा २६०चा घटक पोकळीमुळे आहे. पोकळी ढकलत नाही. तिच्या बाजूने ओढणारं द्रव्य नाही, उरलेल्या सगळ्या बाजूंनी आहे, त्या असमतोलाचा हा परिणाम.

अगदी मध्यात असतो तर? देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, म्हणून ती काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि म्हणूनच एडविन हबल यांना १९२३-२४ साली तिच्यातले तारे वेगळे पाहून ती स्वतंत्र दीर्घिका आहे हे सांगता आलं. ग्रेग आल्डरिंग या खगोलशास्त्रज्ञांनी म्हटलंय की आपण भूतपाच्या पोकळीच्या मध्यात असतो तर १९६०च्या दशकापर्यंत दुसऱ्या दीर्घिका आहेत हेच आपल्याला कळलं नसतं. मला हे विधान फार महत्त्वाचं वाटतं. काय कळू शकतं हे हुशारीइतकंच जागेवरही अवलंबून असतं.

प्रश्न : याचा उपयोग काय? (दोघा-तिघांनी विचारलंय.)

पोकळीत द्रव्य कमी, त्यामुळे तिथे कृष्णऊर्जेचा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या अज्ञात ऊर्जेचा, प्रभाव तुलनेने जास्त. कृष्णऊर्जा तपासायची तर पोकळी ही चांगली जागा. एक पद्धत अशी : एकेकटी पोकळी वेडीवाकडी असते, पण हजारो पोकळ्या एकावर एक ठेवून सरासरी काढली तर ती गोलच यायला हवी, कारण विश्वाला खास अशी दिशा नाही. आपण ताम्रसृतीवरून अंतर काढताना प्रसरणाचं गणित चुकीचं धरलं असेल, तर ती सरासरी पोकळी आपल्या दिशेने चपटी किंवा लांबट येईल. ती गोल होईपर्यंत गणित दुरुस्त करायचं. चार्ल्स अल्कॉक आणि बोहदान पाचिन्स्की यांनी १९७९ साली या चाचणीची कल्पना मांडली. डेसी आणि २०२३ साली सोडलेली युक्लिड दुर्बीण यांच्या नकाशांमुळे आता ती नीट वापरता येईल.

यमुना तारकासमूहातल्या 'थंड डागा'बद्दल, म्हणजे सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीतल्या आजूबाजूपेक्षा थंड भागाबद्दल, तो दुसऱ्या विश्वाची खूण आहे का, असं जळगावच्या वाचकांनी विचारलंय. त्या दिशेला एक विस्तीर्ण, उथळ महापोकळी आहे हे खरं, २०१५ साली इश्तवान सापुदी यांच्या गटाने ती दाखवली. पण तिच्यामुळे त्या थंडपणाचा थोडाच भाग समजतो. दुसऱ्या विश्वाला पुरावा नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. मला घरी बसून पोकळी शोधता येईल का? (रत्नागिरी)

येईल. स्लोन सर्वेक्षणाची माहिती स्कायसर्व्हर या संकेतस्थळावर सगळ्यांना फुकट आहे. त्यात दोन-चार ओळींची एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवं ते मागण्याची संगणकाची भाषा) विचारणा लिहावी लागते, ती शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंकडून किंवा सरांकडून शिकून घे. विषुवांश (आकाशातले रेखांश) १२० ते २५५ अंश, क्रांती (आकाशातले अक्षांश) २६.५ ते ३२.५ अंश आणि ताम्रसृती ०.०५पर्यंत, एवढ्याच दीर्घिका माग. फार येतील, म्हणून त्यातल्या उजळ तेवढ्या ठेव. हा पट्टा मी उगाच निवडलेला नाही. व्हॅलेरी द लापारान, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी १९८६ साली याच पट्ट्यातल्या सुमारे ११०० दीर्घिकांचा नकाशा छापला आणि त्यानंतर पोकळ्यांबद्दल शंका घेणारं फारसं कोणी उरलं नाही. लापारान तेव्हा पीएच.डी.ची विद्यार्थिनी होती.

मोठा आलेख कागद घे. खाली मध्यभागी एक बिंदू काढ, ती आपली आकाशगंगा. विषुवांश कोनमापकाने, ताम्रसृती अंतर म्हणून, ०.००५ला १ सेंटिमीटर. प्रत्येक दीर्घिकेचा बारीक ठिपका, टोकदार पेन्सिलने. कॉलेजात मी बी.एस्सी.च्या मुलांना हे करायला लावायचे. पहिले शंभरेक ठिपके होईपर्यंत नुसती भुरभुर दिसते आणि मुलं कंटाळतात. तिथे थांबू नकोस. तीन-चारशेच्या पुढे ठिपके आपापल्या रेघा धरायला लागतात, आणि काही जागा अशा राहतात की पेन्सिल तिथे जातच नाही. त्या जागांचा व्यास पट्टीने मोज. १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ७ कोटी प्रकाशवर्षं.

१९५ अंशांच्या आसपास, बिंदूपासून साडेचार-पाच सेंटिमीटरवर ठिपक्यांची एक दाट उभी रेघ येईल, नेमकी तुझ्या बिंदूकडे रोखलेली. तो अरुंधती केशातला दीर्घिकासमूह. तो खरा तसा लांबट नाही. त्यातल्या दीर्घिका आतल्या आत सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने फिरतात, तो वेग ताम्रसृतीत मिसळतो आणि नकाशावर समूह आपल्या दिशेने ताणला जातो. रेघ किती सेंटिमीटर लांब आली ते मोजून वेगातला फरक काढ. १ सेंटिमीटरला सेकंदाला १५०० किलोमीटर. उत्तर आणि आलेखाचा फोटो मला पाठव. कुठे अडलीस तर तेही लिही.